गुरुवारची रेघ

तिरकू खेकडा आम्ही आडवाच चालवला.
खेकडे आडवेच चालतात, हे मुलांना सांगायला बरं.
खरं कारण घैसासांच्या हिशेबाच्या वहीत होतं:
आडव्या चालीला सहा चित्रं पुरतात,
वळायला अकरा.

नळस्टॉपच्या मागे, पिठाच्या गिरणीवर
आमचा तो पत्र्याचा मजला.
ट्यूबलाइटवर काच, काचेवर कागद, कागदावर मी,
आणि पाठीमागे शकिला मोमीन
तिरकूच्या नांग्या शेंदरी रंगवत.
शेंदरी संपला की तिरकू आजारी पडायचा.
लेखकाला तसा निरोप जायचा.

खाली चक्की सुरू झाली की वर टेबल थरथरे.
तीन ते सहा बाजरी नि भाजणी,
तेवढा वेळ पेन्सिल माझी नसायची.
डोळ्यांभोवतीची रेघ बुजल्यासारखी हलायची.
मी खोडायला घेतलं की घैसास म्हणायचे,
"राहू दे. जिवंत वाटतो."

पहिला सिनेमा आला तेव्हा एकटाच गेलो,
कोथरूडला, सकाळच्या खेळाला.
तिरकू गोल झाला होता.
कवचावर ओल, ओलीत आभाळ,
नांगीवर शेकडो खड्डे, प्रत्येकाला स्वतःची सावली.
वाईट वाटलं नाही. कुणीतरी महिनोन् महिने
मान मोडून बसलं असणार. कसब ते कसब.
मग मध्यंतराच्या जरा अलीकडे
कुणीतरी हाक मारली, आणि तो वळला.

एकशे चार भाग काढला मी त्याला.
त्याला पाठ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

पाठीवर पांढरे ठिपके होते.
शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "हे ठिपके नव्हते हो."
ते म्हणाले, "बसा."

दुसरा सिनेमा परवा.
पुतणीची कैरवी बरोबर, साडेसात वर्षांची.
आता फॅशन फिरलीय. आता पुन्हा सपाट,
म्हणजे आतून गोल, वरून सपाट.
आधी संगणकात अख्खा खेकडा घडवायचा,
मग त्यावर पेन्सिल ओढल्यासारखी ओढायची,
शेंदरी मुद्दाम रेघेबाहेर सांडायचा,
कागदाची खरखरसुद्धा वरून पसरायची.
आणि रेघ हलत होती.
डोळ्यांभोवती. बुजल्यासारखी.

माझा हात आपोआप पुढे गेला, टेबल धरायला.

"आजोबा, हा थरथरतोय का? थंडी वाजतेय त्याला?"
म्हटलं, खाली गिरणी चालू आहे.
तिने वाकून खुर्चीखाली पाहिलं.

चांगलं केलंय, खोटं कशाला बोलू?
मध्यंतरात शकिलाला कोंढव्याला फोन लावला,
रंगाचं सांगितलं.
"रेघेबाहेर? मी कधी गेले रेघेबाहेर?"
पॉपकॉर्नची रांग संपेपर्यंत भांडत होती.

फक्त एक.
गुरुवारी आमच्याकडे वीज जायची, दिवसभर.
चक्की बंद, ट्यूबलाइट बंद.
मग खिडकीच्या काचेला कागद चिकटवून
उभ्याने काढायचो, उन्हावर,
आणि त्या दिवशीची रेघ एका दमात यायची,
वारा पडल्यावर तळ्याचं पाणी असतं तशी.
जुन्या भागांत नीट पाहिलंत तर सापडेल:
तिरकू मध्येच दोन-चार सेकंद
अगदी शांत होतो,
गोष्टीत काही कारण नसताना.

मध्यंतरानंतर मी तेवढ्याचीच वाट पाहत बसलो.
थरथर सगळीकडे सारखी, मापून घातलेली,
लाटेला तेवढीच, आईला तेवढीच, चंद्रालाही.
नावं वर सरकू लागली. चारशे तरी असतील,
दिवे लागले तरी संपेनात.
त्यांच्यात कुणाचाच गुरुवार नव्हता.

कैरवी अंधारात हरवलेली चप्पल शोधत होती.
"एवढी कुठे गेली?" म्हणत मीही वाकलो.
पार्किंग तासाला चाळीस रुपये,
आणि चौथा तास लागायला सहा मिनिटं.